खडकांची सोयरीक

भूपृष्ठाखालच्या खडकांविषयी माणसाला प्रत्यक्ष जे ठाऊक असते, ते आश्चर्य वाटावे इतके थोडे असते. खनिज तेलाच्या विहिरीचा व्यास तेल साठलेल्या थरापाशी साधारण २१ सेंटिमीटर असतो. एक चौरस किलोमीटर क्षेत्रात अशी एकच विहीर असेल, तर तिने उघड केलेला भाग त्या क्षेत्राच्या सुमारे तीन कोटींतला एक भाग ठरतो. भूकंपीय सर्वेक्षण, म्हणजे पृष्ठभागावर कृत्रिम कंपने निर्माण करून खालच्या थरांवरून परतणारे त्यांचे प्रतिध्वनी टिपण्याची पद्धत, साऱ्या क्षेत्राचे चित्र देते खरे. परंतु ३,००० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणाऱ्या ३० हर्ट्झच्या तरंगाची लांबी १०० मीटर भरते आणि तिच्या चौथ्या हिश्शापेक्षा, म्हणजे २५ मीटरांपेक्षा, पातळ असलेल्या थराचा माथा आणि तळ त्या चित्रात सहसा वेगळे ओळखता येत नाहीत. तेल, पाणी किंवा वायू ज्या वाटांनी वाहतो त्या वाटा मात्र पुष्कळदा याहून बारीक असतात.

तरीही विहीर कोठे खोदावी, किती तेल निघेल, जमिनीत सोडलेला वायू कोठवर पसरेल या प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात आणि त्यासाठी भूगर्भाचे प्रतिमान रचावे लागते. प्रतिमान म्हणजे लाखो घनाकार कप्प्यांची एक त्रिमितीय जाळी. तिच्या प्रत्येक कप्प्याला खडकाचा प्रकार, सच्छिद्रता म्हणजे पोकळ जागेचे प्रमाण, आणि पार्यता म्हणजे द्रवाला वाट देण्याची क्षमता, हे गुणधर्म नेमून दिलेले असतात. यांपैकी फार थोड्या कप्प्यांतून विहीर गेलेली असते. उरलेले कप्पे ज्या ज्ञानाच्या आधारे भरले जातात, ते ज्ञान दुसरीकडून, जेथे तशाच प्रकारचा खडक उघड्यावर दिसतो किंवा दाट खोदकामामुळे नीट कळलेला आहे अशा ठिकाणाहून, उसने आणावे लागते. अशा ठिकाणच्या शैलसमूहाला, म्हणजे साधारण एकसारख्या परिस्थितीत तयार झालेल्या आणि नकाशावर वेगळ्या दाखवता येणाऱ्या खडकांच्या संचाला, येथे सदृश शैलसमूह म्हटले आहे. हे सादृश्य पूर्वी भूशास्त्रज्ञाच्या स्मरणातून आणि प्रवासातून येत असे. गेल्या काही दशकांत ते संगणकाकडून शोधवून घेण्याची पद्धत रूढ होत आहे आणि तिचे बळ व तिच्या मर्यादा दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

सादृश्याची कल्पना भूशास्त्राइतकीच जुनी आहे. आज नद्या, किनारे आणि ज्वालामुखी जे करताना दिसतात त्यावरून प्राचीन खडकांचा अर्थ लावावा, ही चार्ल्स लायेल यांनी १८३० ते १८३३ या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाची मूळ धारणा होती. योहानेस वाल्थर यांनी १८९४ मध्ये तिला मोजमापाच्या जवळ आणले : निक्षेपणात खंड पडलेला नसेल, तर एकावर एक रचलेले थर हे एकेकाळी एकमेकांशेजारी असलेल्या परिस्थितींचे असतात, असा त्यांचा नियम आहे. विहिरीतून वरखाली दिसणाऱ्या खडकांवरून आजूबाजूच्या खडकांविषयी काही बोलता येते, ते या नियमामुळे. पुढे खनिज तेलाच्या व्यवसायाने या विचाराला पैसा आणि निकड दोन्ही पुरवली. उत्तर समुद्राखाली १९७१ मध्ये सापडलेल्या ब्रेंट तेलक्षेत्रातील वालुकाश्म समुद्रतळाच्याही खाली खोल दडलेला असल्याने त्याची रचना कोणालाही डोळ्यांनी पाहता येणार नव्हती. म्हणून अमेरिकेतील युटा आणि कोलोरॅडो राज्यांत पसरलेल्या बुक क्लिफ्स या कड्यांकडे अभ्यासक वळले, कारण तेथे क्रिटेशस काळातील किनाऱ्यांचे आणि त्रिभुज प्रदेशांचे थर वाळवंटी हवेत उघडेबोडके उभे आहेत आणि एकेका थराचा मैलोगणती पाठपुरावा करता येतो.

एखाद्या विहिरीत नदीच्या पात्रात साठलेल्या वाळूचा १० मीटर जाडीचा थर लागला, एवढ्या माहितीवरून तो थर आडवा किती पसरला आहे हे कसे ठरवावे, या प्रश्नापाशी सादृश्याची खरी गरज कळते. मार्टिन गिब्लिंग यांनी २००६ मध्ये जगभरच्या अर्वाचीन आणि प्राचीन अशा १,५०० हून अधिक नदीनिर्मित वाळूच्या थरांची रुंदी आणि जाडी एकत्र मांडली, तेव्हा असे दिसले की त्रिभुज प्रदेशातील फाट्यांच्या थरांची रुंदी जाडीच्या साधारण ५ ते ३० पट असते, तर अनेक उथळ प्रवाहांत विभागून वाहणाऱ्या नद्यांच्या थरांची रुंदी जाडीच्या शेकडो पट, क्वचित हजार पटींहून जास्त, असू शकते. विहिरीत सापडलेली तीच १० मीटर वाळू म्हणजे ५० मीटर रुंदीची अरुंद पट्टी असू शकते किंवा १० किलोमीटर रुंदीची चादर असू शकते. पहिल्या शक्यतेत १ किलोमीटरवर खोदलेली शेजारची विहीर कोरडी निघेल, दुसरीत दोन्ही विहिरी एकाच साठ्यातून उपसा करतील. विहिरीतल्या दगडाने स्वतःहून जे सांगितले नाही, ते येथे दुसऱ्या देशातल्या दगडांच्या सोयरिकीवरून ठरवले जाते. म्हणून चुकीचे सादृश्य निवडले गेले, तर पुढचे सारे गणित अचूक असूनही उत्तर चुकते.

गणिताची बाजूही त्याआधीपासून बदलत होती. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी डॅनी क्रीग यांनी १९५१ मध्ये केलेल्या कामातून आणि फ्रान्समध्ये जॉर्ज मातेराँ यांनी १९६० च्या दशकात त्याला दिलेल्या सैद्धांतिक बैठकीतून भूसांख्यिकी उभी राहिली. तिचे मुख्य साधन म्हणजे दोन बिंदूंमधील अंतर वाढत जाईल तसतसा त्यांच्या गुणधर्मांतील फरक कसा वाढतो हे दाखवणारा आलेख. खनिजाचे प्रमाण हळूहळू बदलते अशा ठिकाणी हे साधन उत्तम चालते, परंतु नागमोडी नदीपात्राचे वळण दोन-दोन बिंदूंच्या तुलनेत मावत नाही. सलग वळणे घेत जाणारी पात्रे आणि नुसते विखुरलेले वाळूचे ठिगळ या दोन अगदी भिन्न रचनांचा आलेख जवळजवळ सारखा येऊ शकतो. तेलाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण पहिल्या रचनेत द्रवाला सलग वाट मिळते आणि दुसरीत मिळत नाही.

यावर फेलिपे ग्वार्दियानो आणि मोहन श्रीवास्तव यांनी १९९३ मध्ये सुचवलेला मार्ग असा, की आलेखाऐवजी संगणकाला एक नमुना-चित्रच द्यावे, म्हणजे त्या प्रकारच्या खडकात पात्रे, वाळूचे बांध आणि चिखलाचे थर कसे मांडलेले असतात हे दाखवणारे चित्र, आणि दोन बिंदूंच्या जागी अनेक बिंदूंची एकत्र मांडणी त्या चित्रात किती वेळा आढळते हे मोजावे. प्रतिमानातील रिकाम्या कप्प्याभोवती विहिरींमुळे किंवा आधीच्या टप्प्यांत भरलेल्या कप्प्यांची जी मांडणी असेल, तीच मांडणी नमुना-चित्रात शोधायची आणि तेथे मधल्या जागी जे आढळते त्याच्या प्रमाणात येथे काय ठेवायचे ते ठरवायचे, असा हा विचार होता. प्रत्येक कप्प्यासाठी सारे चित्र पुन्हा चाळणे त्या काळच्या संगणकांना झेपणारे नव्हते. स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबास्तियाँ स्त्रबेल यांनी चित्र एकदाच चाळून त्यातील सर्व मांडण्या शाखाशाखांच्या शोधवृक्षात साठवण्याची युक्ती काढली आणि २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत खऱ्या अर्थाने वापरात आली. पुढे २०१० मध्ये ग्रेगॉर मारिएतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूजलाच्या अभ्यासासाठी मांडलेल्या पद्धतीत शोधवृक्षही नाहीसा झाला : संगणक नमुना-चित्रात यादृच्छिक जागेपासून शोध सुरू करतो आणि भोवतालची मांडणी पुरेशी जुळताच तेथले मूल्य उचलून घेतो. पुरेशी म्हणजे किती, ही मर्यादा माणूसच ठरवून देतो. ती फार सैल ठेवली तर रचना विस्कटते, फार कडक ठेवली तर नमुना-चित्रच तुकड्यातुकड्यांनी उतरवले जाते आणि प्रतिमानात नवे असे काही उरत नाही. अलीकडची कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यांवर आधारलेली निर्मितीक्षम साधने हेच काम अधिक वेगाने आणि अधिक देखणेपणाने करतात, परंतु नमुना कोणता द्यायचा हा प्रश्न त्यांच्यापुढेही तसाच उभा असतो.

तो प्रश्न सोडवण्यासाठी माहितीकोश उभे राहिले. लीड्स विद्यापीठातील अभ्यासकांनी नदीनिर्मित खडकांसाठी तयार केलेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला कोश या बाबतीत विशेष विचारपूर्वक रचलेला आहे. त्यात प्रत्येक शैलसमूहाचे मोठे घटक, त्यांच्या पोटातले लहान घटक आणि त्याहून सूक्ष्म असे खडकाचे प्रकार पायरीपायरीने नोंदलेले असून कोणत्या घटकाशेजारी कोणता घटक येतो हेही नोंदलेले आहे. त्यामुळे कोरड्या हवामानातील, अमुक प्रकारच्या खोऱ्यातील, अनेक प्रवाहांत विभागलेल्या नद्यांचेच थर वेगळे काढून त्यांच्या रुंदी-जाडीचे वितरण मागता येते. एकाच प्रसिद्ध कड्याचे चित्र उसने घेण्यापेक्षा अनेक ठिकाणच्या मोजमापांचा असा एकत्रित आधार घेणे निःसंशय श्रेयस्कर आहे, कारण तो सरासरीबरोबर विखुरणीही देतो आणि अनिश्चितता किती आहे हे प्रतिमानाला प्रामाणिकपणे सांगता येते. या कोशातील आणखी एक शिस्त लक्षात ठेवण्याजोगी आहे : थराची दोन्ही टोके दिसून रुंदी पूर्ण मोजली गेली, एकच टोक दिसले, की एकही दिसले नाही, हे तेथे वेगवेगळे नोंदवले जाते. कड्याच्या काठापाशी तुटलेल्या थराची दिसली तेवढीच रुंदी खरी धरली, तर सगळ्यात रुंद थरच नेमके अरुंद ठरतील, कारण रुंद थर कड्याबाहेर जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

दुसरा मार्ग छापील संशोधनातूनच माहिती काढण्याचा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील शॅनन पीटर्स आणि सहकाऱ्यांनी लाखो शोधनिबंध संगणकाकडून वाचून घेणारी यंत्रणा उभारली आणि शैलसमूहांच्या स्थळ-काळाच्या सूचीशी तिची सांगड घातली. स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या पापुद्र्यांतून घडलेली थरथरांची खडकरचना, पृथ्वीच्या इतिहासात कधी वाढली आणि कधी घटली, हे त्यांनी २०१७ मध्ये याच मार्गाने तपासले; एका माणसाच्या हयातीत वाचून होणार नाहीत इतक्या निबंधांतून कोणत्या शैलसमूहात या रचनेचा उल्लेख आहे ते वेचून काढल्याने ते शक्य झाले. पुढची पायरी शब्दांना संख्यांचे रूप देण्याची आहे. सारख्या संदर्भात येणाऱ्या शब्दांना संगणक जवळजवळच्या संख्यामालिका देतो आणि त्यामुळे दोन देशांत वेगळ्या नावांनी वर्णन झालेला एकच प्रकारचा थर नाव न जुळताही शोधात सापडू शकतो. मात्र येथे जे जुळते ते वर्णन असते. एकाच परंपरेत शिकलेल्या दोन लेखकांचे निबंध एकमेकांच्या जवळ येतात आणि खडक सारखे असूनही भिन्न परिभाषेत लिहिलेले निबंध दूर राहतात, हा धोका शोधाचा वेग वाढल्याने कमी होत नाही.

कोशात काय नाही, याचा विचार तर त्याहून महत्त्वाचा आहे. खडक उघडा दिसण्यासाठी जमीन उचलली गेलेली असावी लागते, हवा कोरडी असावी लागते आणि माती-झाडोऱ्याचे आवरण विरळ असावे लागते. म्हणून युटा, स्पेनमधील पिरेनीज आणि दक्षिण आफ्रिकेतील कारू यांची हजेरी सादृश्याच्या साहित्यात वारंवार लागते. दमट प्रदेशांतील खडकांचे प्रमाण त्यांच्या खऱ्या व्याप्तीपेक्षा कमी भासते. उपग्रहचित्रांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे, परंतु आज पृष्ठभागावर दिसणारी नदी आणि तिच्यातून शेवटी टिकून राहणारा खडक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बिहारमधील कोसी नदी गेल्या दोन-अडीच शतकांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकली. तिच्या आजच्या पात्राचे चित्र हे तिने मागे ठेवलेल्या पंख्याच्या आकाराच्या विस्तीर्ण निक्षेपातील केवळ एक क्षण आहे आणि त्या क्षणाला नमुना-चित्र मानले, तर एकावर एक चढलेल्या, एकमेकांना कापणाऱ्या पात्रांचा खरा खडक हाती लागत नाही.

चुनखडकाच्या बाबतीत सादृश्याचा निकष आणखी वेगळा होतो. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचा मुख्य साठा मायोसीन काळातील चुनखडकात आहे आणि तेथे पोकळ्यांचा मोठा भाग खडक साठल्यानंतर पाण्याने तो विरघळल्यामुळे निर्माण झालेला आहे. अशा खडकाचा सोयरा शोधताना तो जन्मला कसा एवढे पाहून भागत नाही, जन्मानंतर त्याच्यावर काय काय गुदरले हेही पाहावे लागते.

हीच गोष्ट महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाला, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टला, अधिकच लागू पडते आणि त्याच्या सोयरिकीचा प्रश्न आता केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहिलेला नाही. कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडला असता, त्याच्या आम्लधर्मी द्रावणाने खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह सुटे होते व त्यांची कार्बोनेट खनिजे बनून वायू दगडातच कायमचा बांधला जातो. आइसलंडमधील हेलिशेइदी येथे २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला वायू ४०० ते ८०० मीटर खोलीवर सोडण्यात आला आणि त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वॅलूला येथे २०१३ मध्ये कोलंबिया नदीच्या बेसाल्टमध्ये, ८०० मीटरांहून खोल, जवळपास १,००० टन वायू पाण्यात न विरघळवता सोडण्यात आला आणि दोन वर्षांनी काढलेल्या नमुन्यांत कार्बोनेटच्या गाठी आढळल्या. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या दख्खनच्या बेसाल्टकडे जगाचे लक्ष अधिक वळले ते या दोन प्रयोगांमुळे.

आता संगणकाला विचारावे, की दख्खनचा सर्वांत जवळचा सोयरा कोण? केवळ रासायनिक घटक दिले तर तिन्ही बेसाल्ट एकमेकांच्या पुष्कळ जवळ येतात. वय आणि खनिजे जोडली की आइसलंड दूर जातो, कारण तेथील खडक तरुण आहे आणि दख्खनचा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. या दीर्घ काळात त्याच्या वायुकुहरांत, म्हणजे लाव्हा थिजताना अडकलेल्या बुडबुड्यांच्या जागी, झिओलाइट, कॅल्साइट आणि क्वार्ट्झ साठले. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील ज्या स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट स्फटिकांनी जगातील संग्रहालये सजली आहेत, तेच स्फटिक वायूला हवी असलेली पोकळी अडवून बसलेले असतात. लाव्हाच्या प्रवाहांच्या आकाराचा निकष लावला तर दख्खनच स्वतःत एकसंध राहत नाही. पश्चिमेकडील खालच्या भागातले कित्येक प्रवाह लहानलहान लाव्हाजिव्हांच्या राशींनी बनलेले असून त्यांची रचना हवाईच्या प्रवाहांची आठवण करून देते, तर वरच्या भागात दूरवर सलग पसरलेले जाड प्रवाह अधिक आढळतात व ते कोलंबिया नदीच्या बेसाल्टशी अधिक मिळतेजुळते आहेत. त्यांतही काही प्रवाहांचे माथे तुटक, खडबडीत तुकड्यांचे आहेत आणि तशा माथ्यांचा नमुना १७८३ मध्ये आइसलंडमध्ये झालेल्या लाकीच्या उद्रेकाच्या लाव्हात पाहायला मिळतो. वायूला वाट देणारा भाग कोणता हे शोधताना हा तुटक माथा निर्णायक ठरतो, म्हणजे वयाच्या निकषावर दूर गेलेला आइसलंड वेगळ्या प्रश्नासाठी पुन्हा जवळ येतो.

या सर्व गुणधर्मांतील अंतरे एकाच आकड्यात मिळवून क्रमवारी लावण्याची जी पद्धत शोधयंत्रणांत सर्रास आढळते, तिच्यावरचा आक्षेप येथे स्पष्ट होतो. पत्रिकेतील छत्तीस गुणांच्या बेरजेप्रमाणे ती किती जुळले एवढे सांगते आणि नेमके काय जुळले नाही ते झाकते. खडक वायू किती वेगाने बांधील, हा प्रश्न असेल तर खनिजे, काचेचा अंश आणि तापमान यांना वजन द्यावे. वायू कोठून वाहील, हा प्रश्न असेल तर प्रवाहांचे आकार आणि माथ्यांची जाडी यांना. वायूला वर निसटू न देणारे झाकण टिकेल का, असे विचारायचे असेल तर प्रवाहांच्या घट्ट मध्यभागातील भेगांना. प्रत्येक प्रश्नाला वेगळा सोयरा मिळणे हा शोधाचा दोष मानण्याचे कारण नाही. उलट, मिळालेल्या प्रत्येक सोयऱ्यापासून स्वतंत्र प्रतिमान रचून, त्या प्रत्येकावर वायूचा प्रवाह चालवून पाहून, विहिरीतील प्रत्यक्ष दाबाशी जे विसंगत ठरेल ते बाजूला काढणे, ही आजची सर्वांत विश्वासार्ह रीत आहे.

काही अटी मात्र सादृश्याच्याही आधी तपासाव्या लागतात. वायू पाण्याविना सोडायचा असेल तर तो ३१ अंश सेल्सिअस तापमान आणि ७४ बार दाब यांच्या वर, द्रवासारखा दाट राहील असा ठेवावा लागतो आणि त्यासाठी साधारण ८०० मीटर खोली लागते. कोयना येथे वैज्ञानिक खोदकामात बेसाल्टची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर भरली; १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विवरात ती ३४० मीटरांच्या आसपासच होती. मराठवाड्याच्या त्या भागात बेसाल्टमध्येच अशी साठवण करणे यामुळे शक्यतेबाहेर जाते. आइसलंडची रीत कमी खोलीवर चालते, परंतु तिला दर टन वायूमागे पंचवीस टनांच्या आसपास पाणी लागते आणि खडक कितीही जुळला तरी मराठवाड्यातील पाण्याची स्थिती हेलिशेइदीशी जुळत नाही. ही नोंद कोणत्याही शैलसमूहाच्या कोशात सापडणार नाही.

दख्खनसाठी असा कोश रचायचा तर त्याची सामग्री महाराष्ट्रात विपुल आहे. सह्याद्रीचे कडे, कोकण रेल्वेचे बोगदे, घाटरस्त्यांची कापणी, कोयना परिसरातील विवरांतून निघालेला खडकाचा गाभा आणि लाखो सिंचन विहिरींच्या भिंती यांतून प्रवाहांची जाडी, माथ्यांचे स्वरूप, कुहरे भरली आहेत की मोकळी, दोन प्रवाहांमधला लाल मातीचा थर किती जाड आहे, हे सारे मोजता येते. त्यात लीड्सच्या कोशासारखी शिस्त पाळून प्रत्येक प्रवाहाचे टोक दिसले की नाही हे लिहावे लागेल, आणि त्याहून अवघड अशी एक गोष्ट करावी लागेल : कोरड्या निघालेल्या विंधनविहिरीची नोंद पाणी लागलेल्या विहिरीइतक्याच काळजीने ठेवावी लागेल. ज्या विहिरीला पाणी लागते तिची खोली, तिचा थर, तिचा उपसा सर्वांच्या लक्षात राहतो. कोरडी विहीर बुजवली जाते आणि तिने भेदलेल्या घट्ट, भेगाविरहित बेसाल्टची दोनशे-तीनशे फुटांची साक्ष तिच्याबरोबर बुजते. वायूवर झाकण म्हणून जो खडक शोधायचा आहे, तो नेमका हाच आहे.